सेलेनियमचा लॉग: इन्फो दिसत नाही, कन्नड-मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

टिळकवाडी_टेस्टर: पतसंस्थेच्या साइटच्या टेस्ट सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) लिहूलालोय. पानं कन्नड, मराठी, इंग्रजीत. जावा ११, टेस्ट चालवायला टेस्टएनजी, बिल्डला मेव्हन, मशीन विंडोज. लॉग लिहायला लॉगफोरजे २ ही लायब्ररी घातलीय, खरं कन्सोलवर फक्त एरर येतात, इन्फोच्या ओळी नाहीत. रिसोर्सेसमध्ये लॉगफोरजे.प्रॉपर्टीज आहे.

निपाणी_क्यूए: ते नाव जुन्या १ चं, त्याचा सपोर्ट २०१५ लाच संपला. २ त्या फाइलकडं बघतच नाही. स्वतःचं डिफॉल्ट लावतं, म्हणजे कन्सोल आणि लेव्हल एरर. टेस्टच्या रिसोर्सेसमध्ये लॉगफोरजे२-टेस्ट.एक्सएमएल ठेवा, शोधताना साध्या लॉगफोरजे२.एक्सएमएलच्या आधी तीच घेतली जाते. पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) लॉगफोरजेचे एपीआय आणि कोअर दोन्ही जार हवेत, एकाच आवृत्तीचे. जुन्या लेखातली २.१४ उचलू नका, डिसेंबर २०२१ चं लॉगफोरशेल हे सुरक्षेचं भगदाड त्यातच होतं. २.१७.१ च्या खाली नकोच. रोलिंगफाइलला (भरली की नवी फाइल सुरू करणारा अपेंडर, म्हणजे लॉग कुठं लिहायचा ते ठरवणारा भाग) मर्यादा १० एमबी पुरे. रूट लॉगरला त्याचा अपेंडर-रेफ जोडायचा राहिला तर फाइल तयार होते, आत मात्र शून्य बाइट.

टिळकवाडी_टेस्टर: फाइल आली. आता लॉगमध्ये बटणांवरची कन्नड-मराठी नावं '?????' अशी पडलीत.

खानापूरकर: कचरा कसला आहे त्यावरून दुखणं ओळखता येतं. रोमन अक्षरांवर चिन्हं चिकटल्यासारखं दिसलं तर फाइल बहुधा धड आहे, एडिटर चुकीच्या एन्कोडिंगनं उघडतोय. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं असली तर लिहितानाच अक्षरं गेली, ती फाइल परत सुधारत नाही.

जावा १८ च्या आधी डिफॉल्ट एन्कोडिंग विंडोजवरून ठरतं आणि नेहमीच्या इंग्रजी विंडोजच्या त्या तक्त्यात ना कन्नड, ना देवनागरी. पॅटर्नलेआउटला (लॉगची ओळ कशी दिसावी ते ठरवणारा भाग) कॅरसेट यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. शिवाय शूअरफायर, म्हणजे टेस्ट चालवणारं मेव्हनचं प्लगइन, त्याच्या आर्गलाइनमध्ये फाइल.एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. नुसतं मेव्हनच्या कमांडला देऊन भागत नाही, कारण टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) चालतात आणि तिथं ते उशिरा पोचतं. पॉममध्ये सोर्स-एन्कोडिंगही यूटीएफ-८ करा. नाहीतर कोडमधली कन्नड स्ट्रिंग कंपाइल होतानाच बिघडते आणि असर्ट (निकालाची तपासणी) उगीच फेल होतं. हे तर लॉगपेक्षा जास्त छळतं. कन्सोलसाठी आधी सीएचसीपी ६५००१ ही कमांड द्या, त्यानं कन्सोल यूटीएफ-८ वर जातो.

टिळकवाडी_टेस्टर: जमलं बगा. तीन ब्राउझर एकदम लावले की ओळींची खिचडी होतीय, त्याला काय?

निपाणी_क्यूए: बिफोरमेथडमध्ये (प्रत्येक टेस्टच्या आधी चालणारा कोड) लॉगफोरजेच्या थ्रेडकॉन्टेक्स्टला टेस्टचं आणि ब्राउझरचं नाव द्या, पॅटर्नमध्ये %एक्स घाला, म्हणजे ती नावं प्रत्येक ओळीत येतात. टेस्टनंतरच्या आफ्टरमेथडमध्ये क्लिअरऑल हवंच. टेस्टएनजी तेच थ्रेड पुन्हा वापरतं, त्यामुळं मागच्या टेस्टचं नाव पुढच्या ओळींना चिकटतं.

सेलेनियमचे स्वतःचे लॉग जावाच्या अंगच्या लॉगिंगमधून (जेयूएल) जातात, तुमच्या फाइलमध्ये येणार नाहीत. हवेच असतील तर लॉगफोरजे-जेयूएल जार टाका आणि लॉगिंग-मॅनेजरची प्रॉपर्टी आर्गलाइनमध्येच द्या. कोडमधून सेट केली तर तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

खानापूरकर: आणि सेंडकीजनं (रकान्यात टाइप करणारी सेलेनियमची कमांड) भरलेला मजकूर सरसकट लॉग करू नका. पतसंस्थेची साइट आहे, खाते क्रमांक आणि ओटीपी फाइलमध्ये पडून राहतात.