पोटावरचा बँड, तेरा वर्षं आणि रात्रीचा खोकला: ही नुसती ॲसिडिटी आहे का?

शिवणवाली

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते. घरातच दुकान, दोन मशीन, हाताखाली एक मुलगी. २०११ साली माझं वजन ११२ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. डायबिटीस, गुडघे, झोपेत घोरणं सगळं सुरू. दिवसभर बायकांची मापं वहीत उतरवायची आणि स्वतःचं माप मात्र कधी लिहायचं नाही, असा प्रकार. तेव्हाच्या सर्जननी वजन उतरवण्यासाठी पोटावर बसवायचा बँड सुचवला. पोट कापायचं नाही, आतडी इकडची तिकडे जोडायची नाहीत, आणि पुढे नको वाटला तर काढता येतो, एवढं ऐकून मी हो म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परकराला नाडी असते ना, तशी पोटाच्या अगदी वरच्या भागाला सिलिकॉनची नाडी. तिच्या वर जेमतेम अर्ध्या वाटीहून कमी जागा उरते. नाडीपासून एक बारीक नळी निघून बरगडीखाली कातडीच्या आत एका बटणासारख्या पोर्टला जोडलेली. त्या पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की नाडी आवळते, काढलं की सैलावते. आमच्या धंद्यात सांगायचं तर आतून अल्टर करायची सोय.

दोन वर्षांत मी ७४ वर आले. ४८ची छाती ३८ झाली. तेव्हा मात्र माप वहीत लिहिलं, तारखेसकट.

जगण्याचं म्हणाल तर सवय होते. घास सुपारीएवढा, चावून चावून पीठ करायचं, जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास तरी नाही. सोडा, कोल्ड्रिंक बंद. सकाळी बँड जास्तच आवळलेला वाटतो, म्हणून दहापर्यंत चहा आणि पेज. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. बांगड्याचं कालवण मजेत उतरतं, कोंबडीची फोड अडकते. पाव म्हणजे शत्रू. ताजी मऊ चपाती आत जाऊन गोळा होते. तांदळाची भाकरी कालवणात भिजवली तर चालते. उकडीचा मोदक मी गेली तेरा वर्षं फक्त सारणापुरता खाते, वरची पारी नवऱ्याच्या ताटात.

आणि अडकलं की काय होतं ते ज्याचं त्यालाच माहीत. छातीच्या मधोमध दगड. तोंडाला चिकट लाळेचा फेस सुटतो, थांबतच नाही. मग बाथरूम. पुतणीच्या लग्नात यजमानीणबाईंनी "अगं, एक तरी जिलबी" म्हणून घास भरवला. हॉलच्या मागे बेसिनशी मी वीस मिनिटं उभी होते आणि बाहेर बायका कुजबुजत होत्या की हिला या वयात दिवस गेले की काय. मी तेव्हा ४१ची!

आता मुद्दा. आमचे सर्जन २०१६ साली परदेशी गेले. तेव्हापासून बँडला कोणी हात लावलेला नाही. बँडचं कार्ड घर बदलताना हरवलं. शेवटी किती सलाईन होतं ते डिस्चार्जच्या फाईलमध्ये असेल, फाईल माळ्यावर.

गेले सहा महिने रात्री कोरडा खोकला येतो. आंबट पाणी तोंडात येऊन जाग येते, सकाळी उशी ओली असते. आधी दोन उशा, आता तीन. आठवड्यातून तीनदा तरी उलटी. चपाती पूर्ण बंद झाली, भातसुद्धा आसट लागतो. आणि एवढं करून वजन ८१! कारण उघड आहे. भाकरी अडकते, श्रीखंड सुळकन उतरतं. आईस्क्रीम, चहात बुडवलेलं बिस्कीट, मऊ फरसाण, यांना बँड कधी अडवतच नाही.

फॅमिली डॉक्टर ॲसिडिटीची गोळी देतात, चार दिवस बरं वाटतं. एका ठिकाणी गेले तर तिथले डॉक्टर म्हणाले, साध्या इंजेक्शनच्या सुईने थोडं पाणी काढून बघू. मी पदर सावरून उठले आणि घरी आले. बरोबर केलं की उगाच घाबरले?

ही ॲसिडिटीच आहे का? बँड असलेलं कोणी आहे का इथे? माझ्या ओळखीत सगळ्यांनी स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करतात ते ऑपरेशन) केलंय, त्यांना माझं दुखणं कळत नाही.

---

बंडूनाना

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. निसर्गाने दिलेल्या पोटाला नाडी बांधायची ही कुठली रीत? रात्री ओवा, सैंधव आणि कोमट पाणी घ्या. डाव्या कुशीवर झोपा. आमच्या सौ.ची वीस वर्षांची ॲसिडिटी गेली.

---

लेस्टरची माहेरवाशीण

शिवणवालीताई, तुमची उशी वाचली आणि माझीच गोष्ट वाटली. मूळची मी साताऱ्याची, लग्नानंतर इंग्लंडात. माझा बँड २००९चा, इथल्या सरकारी दवाखान्यातला. मलाही खोकलाच होता. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दमा समजून पंप दिला! चार महिने मी तो ओढत बसले. शेवटी एका रात्री पाण्याचा घोटही खाली जाईना, तेव्हा इमर्जन्सीला गेले. बँडखालचा पोटाचा भाग वर सरकून आला होता. त्याला ते स्लिप म्हणतात. आधी सगळं सलाईन काढलं, मग २०१९मध्ये बँडच काढला.

तेव्हा सांगायचं एवढंच की आंबट पाणी रात्री वर येतं ते फुप्फुसात जाऊ शकतं, न्यूमोनिया होतो. गोळीने आम्ल कमी होईल, पण वर तुंबलेलं अन्न कुठे जाणार? बेरियम पिऊन काढायचा एक्स-रे करून घ्या. त्यात बँड कसा बसलाय आणि वरची जागा किती फुगलीय ते दिसतं.

बँड काढल्यावर काय, तेही खरं सांगते. पहिले काही महिने स्वर्ग. सासूबाईंनी पाठवलेली पुरणपोळी मी उभ्या उभ्या खाल्ली. आणि दीड वर्षात १७ किलो परत. २०२१ला पोटाचा बायपास (पोटाची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) केला, कारण जळजळ असणाऱ्यांना स्लीव्हने ती वाढू शकते असं इथल्या टीमचं म्हणणं पडलं. आता बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. पण रात्री आडवी झोपते, एका उशीवर.

---

ओटी सिस्टर, नाशिक

नाना, ओवा तुमच्या सौ.ना लाभला, आनंद आहे. इथे पोटावर चाकासारखी वस्तू बसलेली आहे, तिला ओवा कळत नाही.

शिवणवालीताई, तुम्ही उठून आलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. बँडच्या पोर्टला वेगळी सुई लागते, ह्यूबर नीडल. केमोच्या पोर्टला वापरतात तीच जात. साध्या सुईचं टोक पोर्टच्या रबराचा तुकडाच कापून काढतं, मग ते झिरपायला लागतं आणि पोर्ट बदलायला पुन्हा टेबलावर जावं लागतं. शिवाय सुई तिरकी गेली तर नळीला भोक. आमच्याकडे पेशंटला उताणं झोपवून मान उचलायला लावतात, पोटाचा स्नायू ताठ झाला की पोर्ट बोटाला लागतो. नाहीच सापडला तर एक्स-रेखाली बघून करतात.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते. पुढच्यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा: पाणी किंवा स्वतःची थुंकीही खाली न जाणं, पोटात सतत कळ, ताप, उलटीत रक्त. घसरलेल्या भागाचा रक्तपुरवठा अडकला तर ते तासांवर येतं. आणि आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य "मला गॅस्ट्रिक बँड आहे" हेच. हल्ली स्लीव्ह-बायपासच जास्त होतात, नव्या पोरांनी बँड प्रत्यक्षात पाहिलेला नसतो.

अजून एक. आठवडेच्या आठवडे उलट्या झाल्या की शरीरातलं बी-१ संपतं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं असलं काही असेल तर लगेच सांगा. आणि गुडघ्यासाठी पेनकिलर घेत असाल तर सर्जनला विचारल्याशिवाय नको, बँडपाशी पोटाला जखम व्हायला निमित्त लागतं.

माळ्यावरची फाईल आजच काढा.

---

अर्धी भाकरी

बँडवाली माझी बायको, मी नुसता वाचक. एकच अनुभव. बाहेर जेवायला गेलो की मी आधीच यजमानांना बाजूला घेऊन सांगतो, "हिला डॉक्टरांनी आग्रह बंद केलाय." पथ्य म्हटलं तर लोक "एका दिवसाने काय होतंय" म्हणतात. डॉक्टरांनी आग्रह बंद केलाय म्हटलं की हसतात आणि सोडून देतात. तिच्या ताटातलं मी संपवतो, त्यामुळे तिचं वजन ३० किलो उतरलं आणि माझं ९ चढलं. आमचा हिशोब अजून मिटायचाय.

---

शिवणवाली

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. कामाचे दिवस होते.

फाईल सापडली. झुरळांनी कोपरे खाल्लेत, पण आकडा शाबूत: ६.५ मिली. सिस्टर, तुमचं वाक्य पाठ करून मुंबईत एका बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनकडे गेले. त्यांनी आधी हेच विचारलं, रात्री खोकला येतो का? मी रडायलाच लागले. सहा महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं, मीच सांगत होते.

बेरियम झालं. खडू पाण्यात कालवून प्यावा तशी चव. पडद्यावर मला माझं पोट दिसलं. पांढरं पाणी वर साठतंय, साठतंय आणि खाली दोऱ्याएवढी धार. बँड घसरलेला नाही. पण वरची पिशवी फुगलीय आणि अन्ननलिका रुंदावलीय. सर्जन म्हणाले, वर्षानुवर्षं जास्त आवळलेल्या नाडीवर अन्न ढकलून ढकलून नळी ताणली गेली. हे मला लगेच कळलं. घट्ट ब्लाउजची शिवण आधी बगलेत उसवते, हुकांत नाही. ताण येतो एकीकडे आणि फाटतं दुसरीकडे.

त्याच दिवशी सगळं सलाईन काढलं. ह्यूबर नीडल मी स्वतः डोळ्यांनी बघितली, पाकीट फोडताना. पावणेसहा मिलीच निघालं, थोडं इतक्या वर्षांत कुठेतरी जिरलं असणार. काढून होताच त्यांनी पाण्याचा ग्लास हातात दिला. मी सवयीने घोट घोट घ्यायला लागले. म्हणाले, प्या नीट. तेरा वर्षांनी मी घटाघटा पाणी प्यायले. घशातून खाली जाताना त्याचा आवाज होतो हे विसरूनच गेले होते.

खोकला चौथ्या रात्री थांबला. एक उशी परत कपाटात गेली, दुसरी अजून आहे.

पण लेस्टरच्या ताई, तुमचा स्वर्ग कसला ते कळलं आणि भीतीही. भूक! दुपारी चार वाजता मशीनवर बसून पोटात खरोखरच गुरगुर होते. रविवारी दोन चपात्या खाल्ल्या, मऊ, तूप लावून. पाच आठवड्यांत ८३.४. टेप रोज सकाळी कंबरेला लावते आणि वहीत लिहिते, आता लपवत नाही.

आठ आठवडे झाले की परत बेरियम. अन्ननलिका मूळ आकारावर आली तर दोन पर्याय: थोडंसंच सलाईन भरून दर तीन महिन्यांनी तपासणी, नाहीतर बँड काढायचा आणि काही महिने थांबून बायपास. सर्जनचा कल काढण्याकडे आहे. नवऱ्याचा कल मी शांत झोपते तसंच चालू राहू दे, याकडे. माझं अजून ठरत नाही. बँडने मला ३८ किलो खाली आणलं हे मी विसरू शकत नाही. त्याच्यावर रागही येत नाही. जुन्या कारागिराला काढून टाकताना येतो तसा संकोच येतो.

अर्धी भाकरी दादा, तुमचं वाक्य वापरलं. काल हळदीकुंकवाला "डॉक्टरांनी आग्रह बंद केलाय" म्हटलं. यजमानीण म्हणाली, "मग डबा देते."

लेस्टरच्या ताई, एवढंच विचारायचं होतं: बँड काढल्यावर किती दिवसांनी खाली वाकता आलं? मला पेडलच्या मशीनवर बसायचं असतं आणि लग्नसराईचे बावीस ब्लाउज घेऊन ठेवलेत. पोर्टच्या जागी टाके असताना कटिंगच्या टेबलावर ओणवं होता येतं का?