ठिपक्यांत रंगवलेल्या शिवारात सुगी उतरते का?

मूळ लेखन (खानापूर):
चित्रकार कामीय पिसारो यांच्या १८८८ सालच्या, रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून रंगवलेल्या, सफरचंदांच्या तोडणीच्या चित्राची छापील प्रत मी बरेच दिवस पाहत आहे. झाडाखालची निळसर-जांभळी सावली मला मनापासून पटते, कारण आमच्या तांबड्या मातीवर दुपारी सावली काळी नव्हे, तशीच जांभळट पडते. तरीही बारीक, एकसारख्या ठिपक्यांत सुगीची लगबग थिजून जाते, असे माझे ठाम मत आहे. भातकापणीतली घाई कुंचल्याच्या एका ओढीत येते, ती मोजून ठेवलेल्या ठिपक्यांत येत नाही. पुढे पिसारोंनीही ही पद्धत सोडली, कारण तिच्यात संवेदनेचा ताजेपणा टिकत नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

प्रतिसाद (वडगाव, बेळगाव):
आपण ज्याला थिजणे म्हणता, त्यात मला दुपारचा निवांतपणा दिसतो. ठिपक्यांची ही पद्धत सुरू करणारे चित्रकार जॉर्ज सरा यांनी १८९० च्या एका पत्रात उजळ छटा, उबदार रंग आणि वर जाणाऱ्या रेषा आनंदाच्या, तर आडव्या रेषा आणि उजेड-अंधाराचा तोल शांततेचा, असे मांडले होते. शिवाय आपण छापील प्रतीवरून निकाल देत आहात, हे मला मान्य नाही. माझे बालपण मागाशेजारी गेले. लाल ताण्यात हिरवा बाणा बारीक विणला की लांबून कापड मळकट दिसते, पण तेच रंग रुंद पट्ट्यांत शेजारी ठेवले की एकमेकांना उजळवतात. पॅरिसमधील गोब्लँ येथील विणकामशाळेत रंगाईचे काम पाहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी शेजारच्या रंगांचा हा परिणाम १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, आणि ठिपक्यांची चित्रकला बऱ्याच अंशी त्यावर उभी राहिली. छपाईत ठिपका आक्रसला की मूळ चित्रातली थरथर आधी जाते.

प्रतिसाद (निपाणी):
मुळात रंग तरी टिकतात का? सरा यांच्या ‘ग्रांद जात’ या चित्रातला जस्ताचा पिवळा रंग काळानुसार तपकिरी पडला. तंबाखूचे हिरवे पान वाळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सांगायला नको की रंग बदलला की भावही बदलतो.

मूळ लेखक:
छापील प्रतीचा आक्षेप मी स्वीकारतो. परंतु मागाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. रंग जुळून येण्यासाठी पाहणाऱ्याला काही पावले मागे सरावे लागते, आणि सुगीच्या दिवसांत शिवारात मागे सरून उभे राहायला कोणालाच सवड नसते.