मदत हवी आहे: डेकखालचा ग्राउंडहॉग, आमची मेथी आणि दोन बाजूंचे शेजारी

नमस्कार मंडळी,

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. एप्रिलपासून घरामागच्या लाकडी डेकखाली (उंचावरच्या ओट्याखाली) ग्राउंडहॉगने बीळ केलंय. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: खारीच्याच कुळातला, पण चांगला मांजराएवढा, तपकिरी, आखूड शेपटीचा. सासूबाई गेल्या महिन्यात आल्या आणि खिडकीतून बघून म्हणाल्या, "अगं, ही तर घूस!" घरात आता तेच नाव पडलंय.

मेथी दोन सकाळींत साफ झाली. वालाच्या वेलांचे कोवळे शेंडे गेले. डेकच्या एका खांबाशी मातीचा मोठा ढीग आलाय, त्याची मला खरी काळजी वाटते.

पण त्याहून अवघड झालंय ते सगळ्यांची तोंडं चार दिशांना असणं. उजवीकडचे आजोबा चाळीस वर्षं भाजी लावतात, यंदा त्यांचा अख्खा वाफा गेला. ते म्हणतात, विषारी धुराची कांडी पेटवून बिळात टाक आणि तोंड बुजव. त्यांचा राग मला कळतो. डावीकडच्या आजी त्याच प्राण्याला सफरचंदाच्या फोडी ठेवतात. नवऱ्याने पिंजरा आणलाय, म्हणतो, त्यात धरून लांबच्या जंगलात सोडू. सासूबाई देवगडकडच्या, वानरांनी नारळ आणि रानडुकरांनी भात नासलेला बघतच मोठ्या झालेल्या. त्या म्हणतात, "राखण करावी, पण पिल्लं आत असताना बीळ बुजवू नये."

आणि पिल्लं आहेत. गेल्या आठवड्यात तीन दिसली. मुलगी दुसरीत आहे. वेलस्ली गावच्या दुसरीतल्याच मुलांनी पाठपुरावा केला म्हणून 2014 साली ड्रमलिन फार्म या निसर्गकेंद्रातली 'मिस जी' आपल्या राज्याची अधिकृत ग्राउंडहॉग झाली, हे तिला शाळेत कळलंय. 2 फेब्रुवारीला ग्राउंडहॉगला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा लांबतो अशी इथली समजूत; त्यासाठी मिस जीला बघायला लोक जमत आलेत आणि आपल्याकडच्या आईला मात्र धूर, हे मी तिला कसं समजावू?

पिल्लांना धक्का न लावता डेक कसा वाचवू? आणि आजोबांना काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, पिंजरा आधी परत करा. मॅसॅच्युसेट्समध्ये रानटी प्राणी धरून दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. नव्या जागी त्याला बीळ नसतं, आणि त्याच्याबरोबर रोगही तिकडे जातात. डेकखाली धुराची कांडी तर मुळीच नको: लाकडाला आग लागू शकते, वायू घरात शिरू शकतो.

थोडं थांबा. पिल्लं साधारण जुलैत आईपासून वेगळी होतात. मग बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. दोन-तीन दिवस जागचे हलले नाहीत तर बीळ रिकामं समजा. हलले, तर बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही असं एकेरी दार बसवा. दुसरं तोंड नक्की शोधा, ते बहुतेक असतंच. हे काम सप्टेंबर संपायच्या आत उरका, ऑक्टोबरपासून ते झोपायला लागतात.

दिवसा दिसला म्हणून घाबरू नका, तो दिवसाच हिंडतो. पण झोकांड्या खात असेल किंवा अंगावर येत असेल तर गावाच्या अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करा. ग्राउंडहॉगला रेबीज होतो, मुलीला हात लावू देऊ नका.

प्रतिसाद २

वाफ्याला तीन-चार फूट उंच जाळी लावा. खालची फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून मातीत पुरा, म्हणजे खणताना तीच आडवी येते. वरची दीड फूट खांबाला बांधू नका. तो चढतो, पण डुगडुगणाऱ्या जाळीवर त्याला पकड मिळत नाही. रिकाम्या झालेल्या डेकभोवतीही अशीच पुरा.

आजोबांना काही सांगायला जाऊ नका, त्यांच्या वाफ्याची जाळी दोघं मिळून लावा. त्यांचं नुकसान खरं आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले, पिंजरा परत जातोय. शनिवारी आजोबांकडे वाफ्याची मापं घ्यायला जातेय, मुलगीही येणार म्हणते. दुसरं तोंड आज सापडलं, नेमकं डावीकडच्या आजींच्या कुंपणाखाली. एकेरी दार तिथेही लावावं लागेल का? म्हणजे त्यांच्याशीही आत्ताच बोलते.