मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान: अंतर आणि वेळेच्या हिशोबात मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई, वय ६८, येत्या जानेवारीत आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. सोलापूरहून वंदे भारतने मुंबई आणि तेथून थेट विमानाने न्यूयॉर्क, असा प्रवास ठरला असून पुढे धाकटी बहीण तिला घ्यायला येईल. आईला रक्तदाबाची गोळी बारा-बारा तासांनी घ्यावी लागते, शिवाय फार वेळ बसले की पाय सुजतात. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ‘सलग किती तास बसून राहावे लागेल, ते नक्की विचारून या’ असे सांगितले, आणि तेथेच माझा हिशोब अडला आहे.

तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री १.३० आणि पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी ७.३० अशी आहे. ते पाहून आई म्हणाली, “मुंबईला जायला साडेसहा तास लागतात, आणि अमेरिका सहाच तासांत?” दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा, हे मी तिला समजावले.

अंतर पडताळून पाहावे म्हणून मुलाच्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर चादरीच्या सुताचा एक धागा दोन्ही शहरांमध्ये धरला. सपाट नकाशा पाहून तो अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून जाईल असे वाटले होते, पण ताण देताच तो उत्तरेला सरकत गेला आणि रशिया, फिनलंड, आइसलंडजवळचा समुद्र, ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा जाऊन स्थिरावला. लांबी भरली साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर चौदा तास होतात. मग वरचे अडीच तास कशाचे?

पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा उंचावरचा वारा विमानाला मागे रेटतो, हे एक कारण मला समजते. एप्रिलमधल्या परतीच्या तिकिटावर साडेचौदाच तास निघतात, ते त्यामुळेच असावे. शिवाय पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यापासून आपल्या कंपन्यांना वळसा घ्यावा लागतो. धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर दारापर्यंत येण्याचा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

ज्यांनी हा प्रवास हिवाळ्यात केला आहे त्यांनी कृपया सांगावे, की विमान प्रत्यक्ष हवेत किती तास होते, पट्टा सोडून उठण्याची परवानगी साधारण किती वेळाने मिळाली, आणि मधल्या मार्गिकेत वयस्कर माणसाला थोडे चालता येते का. गोळीसाठी आईच्या मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे असा माझा विचार आहे. कोणी असे केले असल्यास तोही अनुभव लिहावा. डॉक्टरांकडे सोमवारी जायचे आहे.