मुलांना पहिली वाक्ये शिकवताना : आपले अनुभव

डिचोलीची निवृत्त शिक्षिका
शेजारच्या दुसरीतल्या मुलीची वही काल हाती आली आणि तिच्यात ‘माझी धाकटी बहीण बाजारात गेलं’ हे वाक्य लाल शाईने खोडलेले दिसले, तेव्हा एकशिक्षकी शाळेतली माझी वर्षे आठवली. कोकणीत लहान मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगी होतो. ‘तें गेलें’ असे घरात रोज ऐकणाऱ्या मुलीने मराठीत ‘गेलं’ लिहिले, तर तिने घरचा नियम काटेकोरपणे पाळलेला असतो. अशा वेळी मी दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे आणि फरक कुठे आहे, ते मुलांनाच बोट ठेवून दाखवायला सांगत असे. कर्ता, कर्म ही नावे पहिली-दुसरीत मी उच्चारलीच नाहीत. ‘कोण?’, ‘काय?’, ‘काय केले?’ एवढ्या प्रश्नांवर पुष्कळ काम भागते. आपण कसे शिकवता, ते कृपया लिहावे.

फोंड्याची आई
आमचे चिरंजीव ‘मीने आंबा खाल्ला’ असेच म्हणतात आणि कितीही सांगितले तरी ‘ने’ सोडत नाहीत. हा हिंदी कार्टूनचा प्रताप समजावा काय?

पेडणेकर मास्तर
कार्टूनचा वाटा असेलही, परंतु कोकणीतही ‘हांव’चे ‘हांवें’ होतेच : ‘हांवें आंबो खालो’. मराठीत ‘त्याने’, ‘तिने’ म्हणायचे आणि ‘मी’, ‘तू’ मात्र तसेच ठेवायचे, हे मुलाला विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. नियम सांगत बसू नये. ‘मी आंबा खाल्ला, तू आंबा खाल्लास, त्याने आंबा खाल्ला’ हे तालात म्हणून घ्यावे आणि मग खाण्याचा पदार्थ बदलावा : मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. ‘तू’बरोबर येणारा ‘स’ सोडला, तर क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता पदार्थाकडे पाहून बदलते, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते आणि त्यांना त्याची गंमतही वाटते.

सत्तरीचे आजोबा
आमच्या घरी व्याकरणाचा वर्ग चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीखाली (गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधतात त्या चौकटीखाली) भरतो. आंबाडे, चिबूड, तोरिंजन, सुपारीचे घड असे सगळे खाली मांडलेले असते आणि एकेक वस्तू वर बांधण्यापूर्वी नातवंडांनी तिच्याविषयी एक वाक्य बोलायचे, असा दंडक आहे. तो नारळ, ती काकडी, ते केळे एवढे जमले की विशेषण जोडायचे : हिरवा नारळ, हिरवी काकडी, हिरवे केळे. मागच्या खेपेस धाकटीने विचारले की ‘हिरवा’ बदलतो, तर ‘गोल नारळ’ आणि ‘गोल सुपारी’ यांतला ‘गोल’ का बदलत नाही? मी उत्तर न देता तिलाच न बदलणारे आणखी शब्द शोधायला लावले. लाल, आंबट, जड असे शोधता शोधता तिला आकारान्त विशेषणांचा नियम सापडला. त्याचे नाव तेवढे तिला ठाऊक नाही. माटोळी बांधायला मात्र रात्र झाली.

वास्कोची शिकवणीवाली
माझ्याकडे हिंदीभाषक घरांतली मुले येतात आणि ती ‘झाडला’, ‘घरला’ असे लिहितात. कोकणी घरातले मूल येथे क्वचितच चुकते, कारण ‘झाडाक’, ‘झाडार’ म्हणताना सामान्यरूप त्याच्या तोंडी बसलेले असते. घरची भाषा केवळ आड येते, असे समजणाऱ्या पालकांनी हे अवश्य पाहावे.

म्हापशाचा मास्तर
संज्ञा टाळण्याचे मला पटत नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले, तेव्हापासून या शब्दांनी आपले काम चोख केले आहे. चौथीपर्यंत ते कानांवरून गेले नाहीत, तर पाचवीत मुलांवर सगळे एकदम कोसळते.

डिचोलीची निवृत्त शिक्षिका
तिसरीपासून नावे द्यावीत, हे मलाही मान्य आहे. पहिलीत नको, एवढेच.

मडगावची मावशी
भाचीला ‘पूल’ या शब्दावरून वाक्य करायचे होते. मांडवीवरच्या पुलाविषयी काही लिहील, अशी माझी अपेक्षा होती. तिने लिहिले, ‘बाईंनी पूल हा शब्द दिला.’

पेडणेकर मास्तर
वाक्य निर्दोष आहे. पूर्ण गुण द्यावेत.

फोंड्याची आई
‘मी आंबा, तू आंबा’ आज रात्रीपासून सुरू करते. आणखी एक अडचण आहे : सहलीचे वर्णन लिहिताना ‘मग’ आणि ‘आणि’ जोडत मुलगा पानभर पूर्णविरामच देत नाही.

वास्कोची शिकवणीवाली
त्याचेच लिखाण त्याला मोठ्याने वाचायला लावावे आणि ‘गेलो’, ‘पाहिले’, ‘जेवलो’ असे क्रियापद आले की बाकावर टिचकी मारायला सांगावे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे टिचकी पडेल तेथे पूर्णविराम द्यायचा आणि पुढचा ‘मग’ खोडायचा. ‘जाऊन’, ‘पाहून’ यांवर टिचकी नाही, एवढे आधी सांगून ठेवावे, अन्यथा मुले तेथेही वाक्य तोडतात.