टू-डी इकोच्या रिपोर्टात फुप्फुसाच्या दाबाचा आकडा छापावा का?

तिरकस_कौल:
माझं मत: छापू नये. 'पीएएसपी ५२' (फुप्फुसाच्या धमनीतला ठोक्यावेळचा सर्वोच्च दाब, मिमी पारा) वाचून पेशंट हादरतो, पण तो आकडा मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. डॉपलर (इकोतली रक्ताचा वेग टिपणारी पद्धत) मोजतो फक्त हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताचा वेग, मीटर प्रति सेकंदात. त्याचा वर्ग करून चारने गुणायचं आणि वर उजव्या कर्णिकेचा अंदाजे दाब (३, ८ किंवा १५) मिळवायचा. वेग ३ असला तर गुणाकार ३६, ३.५ असला तर थेट ४९. गळतीच्या धारेच्या रेषेत इकोचा प्रोब नीट लागला नाही की वेग कमी दिसतो, आणि ती चूक वर्गात वाढते. निदान करायचं तर कॅथेटरनेच, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब थेट मोजूनच. सरासरी दाब २० च्या वर असेल तर पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब. २०१८ च्या जागतिक परिषदेआधी ही रेघ २५ वर होती.

प्रोब_हातात:
रोज इको करते म्हणून बोलते. वेग छापा, आकडा मागे ठेवा, इथपर्यंत मान्य. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही वेगालाच पुढे ठेवतात: २.८ पर्यंत आणि बाकी खुणा नसतील तर शक्यता कमी, ३.४ च्या वर जास्त. पण इको म्हणजे तेवढा एक आकडा, हे कुणी सांगितलं? शॉर्ट ॲक्सिसमध्ये (हृदयाच्या आडव्या छेदात) डावं व्हेंट्रिकल (जवनिका) गोल दिसायला हवं. उजवीकडचा दाब चढला की मधला पडदा चपटा होतो आणि तो गोल इंग्रजी 'डी'सारखा दिसायला लागतो. फुप्फुसाच्या धमनीतल्या प्रवाहाचा ॲक्सिलरेशन टाइम (वेग शिखराला पोचायला लागणारा वेळ) १०५ मिलिसेकंदांच्या खाली येतो, कधी आलेखाला मध्येच खाच पडते. आयव्हीसी (हृदयाकडे रक्त आणणारी पोटातली मोठी शीर) २१ मिलिमीटरहून रुंद, श्वास ओढला तरी धड आकसत नाही. काहींना मोजण्याजोगी गळतीच नसते, तेव्हा मी याच खुणांवर जाते. गळती नाही म्हणजे दाब नाही, असं मुळीच नाही.

उंबरठा:
माझ्या आईचं वय ऐंशीच्या पुढे. डाव्या बाजूची मायट्रल झडप खराब, डावी कर्णिका फुगलेली, हे सगळं इकोतच दिसलं. फुप्फुसातला दाब वाढण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण डाव्या हृदयाचा आजारच ना? मग कॅथेटर घालून नवीन काय कळणार? उपचार डाव्या बाजूचेच करायचे आहेत. 'निदान कॅथेटरनेच' हे लिहायला सोपं आहे हो.

तिरकस_कौल:
तुमच्या आईच्या बाबतीत पटलं. मला भीती आहे ती दुसऱ्या टोकाची. इकोवरचा आकडा पाहून थेट सिल्डेनाफिल (फुप्फुसाच्या धमन्या सैल करणारं औषध) सुरू झालं तर? दाब डावीकडून मागे येतोय की फुप्फुसाच्या धमन्याच अरुंद झाल्यात, हे कॅथेटरने मोजलेलं वेज प्रेशर, म्हणजे डाव्या कर्णिकेच्या दाबाचा अंदाज, सांगतं (१५ च्या वर गेला की डावी बाजू). धमन्यांच्या आजाराची औषधं डाव्या हृदयाच्या आजारात सुचवलेली नाहीत, उलट त्रास होऊ शकतो.

नाडीपरीक्षक_नव्हे:
कॅथेटरचा बाऊही नको. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अनुभवी केंद्रांतल्या ७,२१८ प्रोसीजरमध्ये गंभीर गुंतागुंत सुमारे १.१ टक्के होती आणि मृत्यू ४. अननुभवी हातांना हा हिशेब लागू नाही, हेही खरं. आणि तुम्हा दोघांच्या भांडणात व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) राहूनच गेला! जुन्या गुठळ्यांमुळे दाब वाढला असेल तर काहींना शस्त्रक्रियेने पूर्ण बरं करता येतं, आणि ते ना इको ठरवतो ना नुसता दाबाचा आकडा.

प्रोब_हातात:
तिरकस, चुकीचं औषध सुरू होतं त्याला प्रोब जबाबदार कसा? स्क्लेरोडर्माच्या (त्वचा आणि अवयव घट्ट करणाऱ्या, फुप्फुसाचा दाब वाढवू शकणाऱ्या आजाराच्या) पेशंटला काहीच त्रास नसतानाही दर वर्षी इको करायला सांगतात. तिथे दर वर्षी कॅथेटर घालणार का?

तिरकस_कौल:
नाही घालणार. इको कराच. पण रिपोर्टात 'शक्यता जास्त' किंवा 'कमी' लिहा, ५२ नको.

उंबरठा:
आणि घरच्यांनी विचारलं, 'जास्त म्हणजे किती?' तर?