मदत हवी आहे: ‘बुलफ्रॉग’ मराठी वाक्यात कसा बोलायचा?

रविवारची ताई

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी वर्गात शिकवते. मुलं सात ते दहा वर्षांची. दर वेळी एक मूल उभं राहून घरातली किंवा अंगणातली एक गोष्ट मराठीत सांगतं.

गेल्या रविवारी आठ वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. “काल रात्री आमच्या मागच्या तळ्यात बुलफ्रॉग...” एवढं म्हणाला आणि अडला. मला विचारलं, “ताई, बुलफ्रॉगला मराठीत काय म्हणतात?” मी पटकन सांगितलं, “मोठा बेडूक म्हण.” त्याला ते मुळीच पटलं नाही. “मोठे बेडूक खूप असतात. हा बुलफ्रॉगच आहे.” आणि गोष्ट अर्धी टाकून तो खाली बसला. तेव्हापासून मला चैन नाही. मराठी बोलायला उत्सुक असलेलं मूल एका शब्दासाठी गप्प बसावं, हे मला सोसत नाही.

शब्दकोश पाहिला. मंडूक आणि दर्दुर सापडले, पण ते आठ वर्षांच्या तोंडी कसे देणार? ‘बैलबेडूक’ करून पाहिला, तर मुलांच्या डोळ्यांपुढे शिंगं येतात, आवाज येत नाही. आणि इथे सगळी गंमत आवाजातच आहे. मे ते जुलै रात्री खिडकी उघडी ठेवली की तळ्याकडून खोल, घुमणारा आवाज येतो. इंग्रजी बोलणारे तो ‘जग-ओ-रम’ असा करून दाखवतात. आपल्या ‘डराव डराव’मध्ये तो बसत नाही.

तर मला तीन गोष्टी हव्या आहेत. प्राण्यासाठी शब्द, त्याच्या ओरडण्यासाठी क्रियापद, आणि त्या मुलाचंच एक वाक्य, “सर्दी झाली की आजोबांचा आवाज बुलफ्रॉगसारखा होतो,” हे मराठीत कसं म्हणावं ते. रोजच्या बोलण्यातली वाक्यं दिलीत तर फार उपकार होतील.

आगोट

ताई, आमचं घर कोकणात, खाचरांना लागून. आगोटीचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की पाणी साचलेल्या खाचरात पिवळेधमक बेडूक दिसतात. लिंबासारखा रंग आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. ते नर. थोडेच दिवस तसे दिसतात, मग पुन्हा मातकट हिरवे. आम्ही त्यांना वेगळं नाव कधी दिलं नाही. घरात वाक्य असं असतं: “पिवळे बेडूक आले, आता पाऊस लागला.” किंवा आई म्हणते, “रात्रभर बेडकांनी झोपू दिलं नाही.” नुसतं ‘बेडूक’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, कारण सगळ्यांनी तो आवाज ऐकलेला असतो. तुमच्या वर्गातल्या मुलाला आजीला फोनवर सांगायचं असेल, तर आजीने तुमचा बेडूक ऐकलेला नाही. म्हणून मला वाटतं, शब्दापेक्षा क्रियापदावर जोर द्या. बैल डुरकतो. तुमचा बेडूक बैलासारखा असेल तर तोही डुरकू दे. “काल रात्री तळ्यात बेडूक डुरकत होता.” ऐकणारा लगेच विचारेल, “बेडूक आणि डुरकतो?” आणि गोष्ट पुढे सरकेल.

प्रयोगवही

वरचा प्रतिसाद फार आवडला. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. आमच्या पिढीने हा पिवळा बेडूक ‘राना टायग्रिना’ या शास्त्रीय नावाने पाठ केला. आता तो ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस’. तुमच्या तळ्यातला अमेरिकी बुलफ्रॉग वेगळा, ‘लिथोबेट्स कॅट्सबियानस’. दोघांची कुळंही वेगळी. म्हणून “आपल्याकडचा पिवळा बेडूक म्हणजेच बुलफ्रॉग” असं मुलांना सांगू नका. तुमच्याकडचा नर अंगभर पिवळा होत नाही, त्याचा फक्त गळा पिवळसर असतो. ओळखायची सोपी खूण कानाची: डोळ्यामागची गोल चकती नरात डोळ्यापेक्षा स्पष्ट मोठी दिसते.

आवाजाचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट सांगतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त बेडकांवर आहे. त्यात एक बेडूक ‘गोमायु’, म्हणजे गाईसारखा आवाज करणारा, आणि दुसरा ‘अजमायु’, म्हणजे बकरीसारखा. बेडकाच्या आवाजात गुरं ऐकू येणं हे काही फक्त इंग्रजीचं नाही. त्यामुळे ‘डुरकणे’ला माझा पूर्ण पाठिंबा.

नावाचं मात्र मी ‘बुलफ्रॉग’च ठेवीन. मुलगा बरोबर आहे, त्याला जात सांगायची आहे. आपण पेंग्विन, कांगारू म्हणतोच ना? मराठी दिसते ती शब्दाला प्रत्यय लावताना. ‘बेडूक’चं सामान्यरूप बदलतं: बेडकाने, बेडकाला, बेडकांचा. बाहेर वाढणारी मुलं इथे ‘बेडूकने’ म्हणतात, ते प्रेमाने दुरुस्त करा. ‘बुलफ्रॉग’ तसाच राहतो: बुलफ्रॉगने, बुलफ्रॉगला. “बुलफ्रॉगने छोट्या बेडकाला गिळलं” हे वाक्य त्यांना द्या. दोन्ही रूपं एकत्र येतात आणि ते खरंही आहे, हा प्राणी दुसरे बेडूक खातो.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे कोंकणीत बेडकाला ‘बेबो’. पहिल्या पावसात हा शब्द ऐकू येतो तो दुर्दैवाने बऱ्याचदा पकडण्याच्या आणि खाण्याच्या संदर्भात. बेडकाच्या मांसाचं ‘जंपिंग चिकन’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडच्या या पिवळ्या बेडकाला संरक्षण आहे आणि तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, तरी रात्री विजेऱ्या घेऊन शेतात उतरणारे असतात. माणसं विणीसाठी बाहेर आलेलेच बेडूक उचलतात, हे मला फार दुखतं. शेतातले किडे खाणारा प्राणी तो. म्हणून माझ्याकडून हे वाक्य घ्या: “बेडूक ओरडतोय, ओरडू दे.” माझ्या मुलीला मी रोज हेच सांगतो.

आजोबांच्या आवाजासाठी: “आजोबांचा घसा बसला की त्यांचा आवाज बुलफ्रॉगसारखा खर्जात जातो.” नुसतं ‘घोगरा’ म्हटलं तर खोली हरवते. खर्ज हाच नेमका शब्द.

रविवारची ताई

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आज वर्ग झाला. फळ्यावर मी फक्त ‘डुरकणे’ लिहिलं आणि बैलाचा आवाज काढून दाखवायला सांगितलं. मग त्या मुलाला पुन्हा उभं केलं. तो म्हणाला, “काल रात्री आमच्या तळ्यात बुलफ्रॉग डुरकत होता. मी बाबांना उठवलं. बाबा म्हणाले, झोप. बुलफ्रॉगने ऐकलं नाही.” शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं, आणि प्रत्ययही बरोबर.

आता त्याच्या बहिणीचा प्रश्न आलाय. त्यांच्या तळ्यात शेपटीवाली पिल्लं हिवाळाभर बर्फाखाली राहतात, दुसऱ्या वर्षीही तशीच दिसतात. बुलफ्रॉगची पिल्लं थंड भागात एवढा वेळ घेतात, हे मी तिला समजावलं. पण या पिल्लांना तुमच्या घरी, तुमच्या गावी काय म्हणतात? पुस्तकातला नको, आजीच्या तोंडचा शब्द हवा आहे.